एकच गोष्ट सांगतो अन् बसतो

मागच्या आठवड्यात वाशीमच्या बसस्टँडवर रिठदच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी कॉलेजची दोन पोरं. एकाचा मोबाइल हातातून निसटला, फरशीवर आपटला आणि काच तडकली. दुसऱ्यानं लगेच तोंड लांब केलं, दोन्ही हात पोटावर बांधले आणि कापऱ्या आवाजात म्हणाला, "एकच गोष्ट सांगतो अन् बसतो. ह्या मोबाइलनं कधी कोनाले राँग नंबर लावला नाही." दोघंही पोट धरून हसले. मी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसलो. पोरांचा दोष नव्हता. ते वाक्य कुणाचं आहे हे त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. त्यांना वाटतं ते मध्याचं आहे.

मध्या म्हणजे मधुकर. पुण्या-नागपूरकडे त्याला स्टँडअप कॉमेडियन म्हणतात. जाहिरातीच्या पाटीवर नुसतं 'मध्या' लिहिलेलं असतं आणि तेवढ्यावर हॉल भरतो. आमच्या गावात तो तिरंबकमामाचा भाचा. आणि माझ्यासाठी तो आमच्या शाळेत तासिका तत्त्वावर दोन वर्षं भूगोल शिकवायला आलेला, स्टाफरूमच्या दाराजवळ एक पाय मोडलेल्या खुर्चीवर तोल सांभाळत बसणारा तरुण. मी तिथं मराठी शिकवत होतो. मला राग पटकन येतो आणि तो लवकर जात नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मधुकरवरचा राग अजून गेलेला नाही, हे वाचणाऱ्यानं सुरुवातीलाच समजून घ्यावं.

भूगोल तो बरा शिकवायचा. पण त्याचं खरं काम मधल्या सुट्टीत चालायचं. आधी शिपायाला एखादी गंमत सांगायची. मग तीच, एखादा शब्द बदलून, क्लार्कला. मग आणखी एक शब्द गाळून मला. आम्हाला वाटायचं, पोरगं गप्पिष्ट आहे. तो आमच्यावर शब्दांचं वजन करून पाहत होता, हे पुष्कळ उशिरा लक्षात आलं. त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर विनोद नसायचेच. नुसत्या फुल्या असायच्या. कुठल्या शब्दाला कोण हसलं, कोण उशिरा हसलं, कोण हसलंच नाही. स्वतः मात्र तो कधी हसायचा नाही. खरंच काही गमतीचं ऐकलं की उलट गंभीर व्हायचा, मान जरा तिरकी करून, समोरच्याचे शेवटचे दोन शब्द ओठातल्या ओठात परत म्हणायचा आणि पुटपुटायचा, "हं. हे चालते."

कुणी त्याला म्हणालं की अरे, असं नसतं रे, तू वाढवून सांगतोस, तर त्याचं उत्तर ठरलेलं. "लोक हासले का? मंग खरं असन."

शाळेच्या स्नेहसंमेलनात तो पहिल्यांदा माईकसमोर उभा राहिला. चपला पडद्याआड काढून ठेवल्या होत्या. अनवाणी उभं राहिलं की जमिनीवरचा आवाज कळतो म्हणायचा, काय कळायचं कोण जाणे. त्यानं मुख्याध्यापकांची नक्कल केली, बँकेतल्या रांगेची केली आणि शेवटी माझी. मी कुणाला झापायच्या आधी जिल्हाधिकाऱ्याला अर्ज लिहावा तशी लांबलचक प्रस्तावना कशी करतो, ते त्यानं असं काही दाखवलं की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, इथं घंटेमागे पैसे मिळवत बसू नकोस, पुण्याला जा. हे मीच सांगितलं होतं. पुढचं जे काही आहे त्यात माझाही वाटा आहे, म्हणून लिहून ठेवतो.

आता तिरंबकमामांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय मधुकर नाही.

आमच्या भागात माणूस गेला की त्याला अग्नी दिल्यावर तिथंच, मोक्षधामाच्या टिनाच्या छपराखाली शोकसभा होते. सरण जळत असतं, माणसं उकिडवी बसलेली असतात आणि एकेकजण उठून दोन शब्द बोलतो. मेलेला जरा वजनदार असला तर बोलणाऱ्यांची रांग लागते. जिल्हा परिषदवाले येतात, बाजार समितीवाले येतात, मयताचं नाव चुकवतात आणि स्वतःच्या निवडणुकीवर येऊन थांबतात. तिथं मामा उठत नसत. ज्याच्यासाठी कुणीच उठत नाही, त्याच्यासाठी ते उठत. गडी, मजूर, कुणाचा म्हातारा, ऊस तोडायला जाऊन खंगून परत आलेलं कुणी.

त्यांची रीत ठरलेली होती. इकडे लाकडं फोडली जात असताना मामा घरोघर जायचे आणि विचारायचे, "त्याचं काही आठवते का गा? चांगलं?" लोक वैतागायचे. त्याच्यात काय चांगलं होतं, म्हणायचे. मामा दुसऱ्या घरी जायचे. खोटं बोलायचं नाही आणि रिकाम्या हातानं मोक्षधामावर जायचं नाही, एवढे दोनच नियम. मग तिथं उठायचे, दोन्ही हात पोटावर बांधायचे आणि म्हणायचे, "एकच गोष्ट सांगतो अन् बसतो." आणि खरोखर एकच सांगून बसायचे. गावातला एक जण आयुष्यभर सगळ्यांशी भांडला. त्याच्या मातीला मामा म्हणाले, भांडण झाल्यावर दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटला तर आधी तोच बोलायचा. माणसं खाली पाहायला लागली, कारण ते खरं होतं.

मधुकर आठ वर्षांचा असताना त्याचा बाप गेला. दारूनं गेला. बोलायला कोण उठणार? मामा उठले. म्हणाले, हा माणूस प्याला, पण पिऊन कधी लेकराच्या अंगावर हात टाकला नाही. कुणी पाहिला असेल तर सांगावं. कुणी काही बोललं नाही. ती गोष्ट मामांनी सकाळी खुद्द मधुकरलाच विचारून घेतली होती. पुढं कित्येक दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मधुकरची आई नवऱ्याबद्दल तेवढंच एक वाक्य सांगायची. दोन वर्षांनी तीही गेली. मामांना मूलबाळ नव्हतं. मामा आणि सुलामामींनी मधुकरला घरी आणला आणि वाढवला.

हे सगळं त्याला माहीत होतं. माझ्या रागाचं मूळ तिथं आहे.

पुण्याला गेल्यावर वर्षभर त्याचं काही जमेना. मग एक दिवस त्याचा फोन आला. शोकसभेवर नवीन कार्यक्रम बसवला होता. पुढाऱ्यांवर अर्धा तास लिहिलं होतं आणि शेवटी, उगाच दोन मिनिटं, मामा. म्हणाला, सर, पुढाऱ्यांवर कुणी हसलं नाही. त्यांना शिव्या देणारे रोजच असतात. पण मामा आले आणि हॉल हशानं दणाणला.

"मंग म्या पुढारी काढून टाकले," तो म्हणाला. "मामा ठेवला."

मी म्हणालो, वा. हेसुद्धा लिहून ठेवतो.

दोन मिनिटांचे वीस झाले. मामांच्या खऱ्या गोष्टी संपल्यावर त्यानं बनवायला सुरुवात केली. हा माणूस कधी दुसऱ्याची चप्पल घालून गेला नाही. हिनं कधी शेजारणीचं मीठ बुडवलं नाही, कारण ती अळणीच खायची. पण सगळ्यांत मोठा हशा बनवलेल्यांना नव्हता. तो खऱ्यालाच होता. बापावरचं ते वाक्यही त्यात होतं. त्याच्यानंतर तो एक लांब, रिकामी जागा सोडायचा आणि लोकांना काय करावं कळेना की मामांच्या आवाजात म्हणायचा, "पाह्यला असन त सांगा." त्याची चित्रफीत निघाली आणि अकोल्यापासून हिंगोलीपर्यंत घरोघर पोचली.

गावाला अभिमान वाटला. एसटीच्या थांब्यावर अभिनंदनाचं फ्लेक्स लागलं. किराणा दुकानात मामांना कुणीतरी ती चित्रफीत दाखवली. मी तिथं होतो. मोबाइल हातभर लांब धरून मामांनी पूर्ण पाहिली. मला वाटलं, आता काहीतरी होणार. मामा हसले. "बराबर करते पोरगं. मी असाच उभा राह्यतो," म्हणाले. मग मला विचारू लागले, तिकडं शहरात मयतीला असं कुणी बोलत नव्हतं का आजवर? आता बोलायला लागले का? भाच्यानं आपली रीत तिकडच्या लोकांना शिकवली, त्यांना आवडली, म्हणून ते टाळ्या वाजवतायत, असं त्यांना वाटलं होतं. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

पार्बताबाई गेली तेव्हा सगळं फाटलं. ही बाई दरवर्षी टोळीबरोबर ऊस तोडायला जायची. तिच्या मातीला पन्नासेक माणसं होती, त्यात टोळीतली तरुण पोरं बरीच. मामा नेहमीसारखे सकाळपासून फिरले होते. उठले. हात पोटावर बांधले. "एकच गोष्ट" एवढंच म्हणाले आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं. हसणाऱ्यानं तोंड दाबलं, पण दाबलेलं हसू पसरतं. मामा थांबले. त्यांना वाटलं कुणाला ठसका लागला. परत सुरुवात केली. तोवर सगळं छप्पर हसत होतं, चांगली कर्ती माणसंसुद्धा, चेहरा गुडघ्यात घालून. माझेही खांदे हलले. खोटं कशाला सांगू?

पार्बताबाईचा मुलगा पुढं आला. मला वाटलं भांडेल. त्यानं मामांचा हात हळूच धरला आणि म्हणाला, "मामा, राहू द्या. माह्या मायवर लोक हासून राह्यले." मामांनी त्याच्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि बसले. काय सांगणार होते ते सांगितलंच नाही. त्यानंतर ते मोक्षधामावर कधी उठले नाहीत. दुसरंही कुणी उठेना. जो उठेल तो मध्याची नक्कल वाटायचा. रिठदकडून, अनसिंगकडून येणारे पाहुणे सांगायचे, आमच्याकडेही तसंच झालंय. आता दोन मिनिटं उभं राहतात आणि घरी जातात. एका माणसाच्या कलेचा एवढा परिणाम आमच्या जिल्ह्यात मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पुढं मधुकरचा वाशीमला कार्यक्रम झाला तेव्हा मी पडद्यामागं जाऊन त्याला पार्बताबाईचं सांगितलं. या वेळी प्रस्तावना केली नाही. तो चपला हुडकत होता. खाली पाहतच म्हणाला, "सर, लोक मामावर नाही हासत. मरनाले भेतात मनून हासतात. त्याईले बरं वाटते." मी म्हणालो, पार्बताबाईच्या मुलाला वाटलं का बरं? त्यानं मान तिरकी केली. माझे शेवटचे शब्द ओठात घोळवले. तो आता 'हे चालते' म्हणेल अशी मला इतकी भीती वाटली की मी तिथून निघूनच आलो. तीन वर्षं आम्ही बोललो नाही.

मामा यंदा तुरी सोंगायच्या दिवसांत गेले. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकले आणि तसेच राहिले. नऊच्या सुमाराला मधुकरचा फोन आला. तो नागपूरहून निघून समृद्धी महामार्गावर गाडीत होता.

"सर, मामाची एक गोष्ट सांगा," तो म्हणाला.

मला आधी कळेना. मी म्हटलं, तुझ्याजवळ काय कमी आहेत?

"सांगायले बसलो त एक बी नाही राह्यली. जे आठवते ते सारं इस्टेजवर सांगून झालं. उठावं त लागन ना मले मामासाठी. ज्याच्यावर कोनी हासलं नाही अशी एक सांगा."

पोरगा रडत होता. त्याला मी रडताना कधी ऐकलं नव्हतं. फोन ठेवून द्यावा असंही वाटलं. पण माझ्याजवळ तशी एक होती आणि ती मी दिली. पार्बताबाईनंतर मामांनी बोलणं सोडलं, पण फिरणं सोडलं नव्हतं. गावात कुणीही गेलं की ते पूर्वीसारखेच घरोघर जाऊन त्याचं चांगलं काय ते विचारून आणायचे. मोक्षधामावर गप्प बसायचे. घरी आले, आंघोळ केली, की जेवायच्या आधी सुलामामींना समोर बसवून ती गोष्ट सांगायचे आणि मगच ताटावर बसायचे. मला हे मामींनीच एकदा सांगितलं होतं. म्हणाल्या होत्या, "गावातल्या मेलेल्या साऱ्याईची गोष्ट एकट्या माह्याजवळ हाय." हे कुणाला सांगू नका, असंही म्हणाल्या होत्या. मी मधुकरला हे शेवटचंही सांगितलं, पण सांगायचं नाही तर मग उपयोग काय, असं त्याला वाटलं असेल. मलाही तसंच वाटलं. मामांसाठी कुणीतरी काहीतरी खरं बोलावं एवढंच त्या वेळी डोक्यात होतं.

तो थेट मोक्षधामावर उतरला. अग्नी त्यानंच दिला. माणसं पुष्कळ जमली होती, पार जऊळक्याहून आली होती, आणि त्यातली निम्मी मामांसाठी आली नव्हती. सरपंचांनी मला खुणावलं. मास्तर, तुम्ही बोला. मी मान हलवली. लोक हसतील याची मला भीती वाटली. तीस वर्षं वर्गासमोर उभा राहिलेला माणूस, मी बसून राहिलो.

मधुकर उठला. पहिलं वाक्य साधं होतं, मामांनी मला वाढवलं, असं काहीतरी. त्याचा आवाज फाटला आणि पुढचं सुचेना. लोक वाट पाहत होते. मोबाइल वर आले होते. तेवढ्यात मागून कुणीतरी, अगदी मायेनं, विसरलेल्या पोराला आठवण करून द्यावी तसं म्हणालं, "एकच गोष्ट." तो चमकून म्हणाला, "हो. एकच गोष्ट सांगतो." आणि सगळं छप्पर हसलं.

त्या हशानंतर तो थांबला. थांबायला नको होतं, पण त्याचं शरीर थांबलं. हशा खाली बसू द्यायचा आणि तो पुरता बसायच्या आत पुढचं वाक्य टाकायचं, हे आता त्याच्या हातात राहिलं नव्हतं. मग त्यानं गोष्ट सांगितली, जशी मी दिली तशीच, एक शब्द न वाढवता. फक्त मामांचं बोलणं आलं तिथं त्याचा गळा मामांचा झाला आणि मामींचं आलं तिथं मामींचा. लोकांना दिसलं ते एवढंच, भुकेला म्हातारा, निवलेलं ताट, समोर बसवलेली म्हातारी आणि तिला ऐकावी लागणारी रोजची शोकसभा. लोक लोळले. मागं सरण जळत होतं. मधुकरचा चेहरा अगदी गंभीर होता, मान किंचित तिरकी, कान लोकांकडे. आपण काय केलं हे त्याला खाली बसल्यावर कळलं. त्यानं हातानं तोंड झाकून घेतलं आणि तसाच बसून राहिला. त्या भाषणाची चित्रफीत आता पहिल्या चित्रफितीपेक्षा जास्त फिरते आहे.

आमच्याकडे बायका मातीला येत नाहीत. माणसं परतली, पाय धुतले, की त्या दारात विचारतात, कोण बोललं, काय बोललं. मामांचं घर ओढ्याच्या अलीकडे, मोक्षधाम पलीकडे. मी आणि मधुकर चालतच आलो. दारातल्या बादलीतलं पाणी घेऊन त्यानं पाय धुतले. सुलामामी पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. सकाळपासून तो त्यांना भेटलाच नव्हता.

"तू आला, हे समजलं होतं मले," मामी म्हणाल्या. "लोक हासल्याचा आवाज आला इथलोक."

त्यात टोमणा नव्हता. खरंच तसं समजलं होतं त्यांना. मग त्यांनी विचारलं, "काय सांगतलं त्याईचं?"

मधुकर उंबऱ्याबाहेर ओल्या पायांनी उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही.

"तू जे ऐकत होती ना, मामी," तो म्हणाला, "जेवनाच्या आंदी. ते."

मामींनी सावकाश पदर पुढं ओढला, पार हनुवटीपर्यंत, भाच्यासमोर त्यांनी कधी ओढला नव्हता तेवढा, आणि भिंतीकडे तोंड केलं. मधुकर आत आला नाही. बराच वेळ तो तसाच दारात उभा होता आणि त्याच्या पायांखालचं पाणी वाळत होतं.